लाइपझिग : संगीताचे शहर कसे पाहावे, कसे ऐकावे

जर्मनीच्या पूर्व भागातील सॅक्सनी राज्यात वसलेल्या लाइपझिगचे नाव पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड असणाऱ्यांना नव्याने सांगावे लागत नाही. योहान सेबास्टियन बाख यांनी १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच थॉमस चर्चचे संगीतप्रमुख म्हणून नोकरी केली, रिचर्ड वाग्नर आणि क्लारा शूमान या संगीतकारांचा जन्म येथला, आणि फेलिक्स मेंडेलसन यांनी जर्मनीतील पहिले संगीत महाविद्यालय १८४३ मध्ये येथेच उभे केले. एवढे वाचून जाणारा नवखा प्रवासी नकाशावर खुणा करून घरे शोधत फिरतो आणि लवकरच हिरमुसतो. बाख थॉमस चर्चच्या ज्या शाळेच्या इमारतीत कुटुंबासह राहत, ती १९०२ मध्ये पाडली गेली. वाग्नर यांचे जन्मघर १८८६ मध्येच गेले. बाख ज्या झिमरमान यांच्या कॉफीगृहात दर आठवड्याला वादकांचा ताफा घेऊन बसत, ते दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाले. या शहरात टिकून राहिले आहे ते मुख्यतः गाणे-वाजवणे. म्हणून कार्यक्रम आखताना आधी ऐकण्याच्या वेळा पक्क्या कराव्यात आणि मग त्यांच्या मधल्या वेळात प्रेक्षणीय स्थळे बसवावीत.

तारखा ठरवताना

सर्वांत आधी पाहायचे ते थॉमस चर्चच्या गायनवृंदाचे वेळापत्रक. थोमानर नावाने ओळखला जाणारा हा मुलांचा वृंद १२१२ मध्ये स्थापन झाला. साधारण नऊ ते अठरा वर्षे वयाची ही मुले वसतिगृहात राहून शाळा शिकतात आणि आठवड्यातून दोनदा चर्चमध्ये गातात. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आणि शनिवारी दुपारी तीन वाजता होणाऱ्या या कार्यक्रमाला ‘मोटेटे’ म्हणतात. मात्र ही मुले शाळकरी असल्यामुळे सॅक्सनीतील शाळांना सुट्टी लागली की तीही सुट्टीवर जातात आणि त्यांच्या जागी पाहुणे वृंद गातात. जुलै-ऑगस्टमध्ये तर गेवांडहाउस या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा हंगामही थांबलेला असतो. हवा उत्तम, दिवस मोठा, पण ज्यासाठी इतक्या लांब यायचे तेच नाही, अशी त्या दिवसांतली गत असते. त्यामुळे निव्वळ संगीतासाठी जाणाऱ्याने भर उन्हाळा टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्या कुटुंबांना हे वेळापत्रक बहुधा सोयीचे पडते. तरी ईस्टरच्या आसपासची शाळांची सुट्टी आधी तपासावी. गुड फ्रायडेला आणि त्याच्या आदल्या दिवशी थॉमस चर्चमध्ये बाख यांच्या दोन मोठ्या ‘पॅशन’ रचनांपैकी, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणाऱ्या रचनांपैकी एक सादर होते. जूनमध्ये बाख महोत्सव भरतो. त्याची लोकप्रिय तिकिटे कित्येक महिने आधी संपतात आणि हॉटेलांचे दर चढतात. डिसेंबरमध्ये नाताळची रचना ऐकायला मिळते व चौकात नाताळ बाजार भरतो, मात्र साडेचारच्या आतच अंधार पडतो हे ध्यानात ठेवून उबदार कपडे न्यावेत.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. भेटीची वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात, तेव्हा मैफलीचे महागडे तिकीट काढण्याआधी ही बाजू मार्गी लावणे शहाणपणाचे.

तिकिटे कोणती काढावीत आणि कोणती नाहीत

मोटेटेसाठी आगाऊ तिकीट नसते. दारात काही युरोंना कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तोच प्रवेश. गेवांडहाउसचे तिकीट मात्र तारीख नक्की होताच संकेतस्थळावरून काढून टाकावे; मोठ्या मैफली सहसा गुरुवारी आणि शुक्रवारी असतात. शुक्रवारची संध्याकाळ मोटेटेसाठी मोकळी राहावी म्हणून शक्यतो गुरुवारची मैफल निवडावी. शहरात ट्राम व बसचा प्रवास आणि संग्रहालयांतील सवलत एकत्र देणारे ‘लाइपझिग कार्ड’ एका किंवा तीन दिवसांसाठी मिळते. जुने शहर इतके आटोपशीर आहे की ट्रामची गरज फारशी पडत नाही, म्हणून किती संग्रहालये खरोखर पाहणार आहोत याचा हिशेब करूनच ते घ्यावे.

खिशात थोडे सुटे पैसे असू द्यावेत. चर्चच्या दारात आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात ते लागतात.

पोहोचणे

भारतातून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला उतरून पुढे आयसीई रेल्वेने लाइपझिगला येणे सोपे जाते. बर्लिनहून सव्वा तास, फ्रँकफर्टहून साधारण तीन तास लागतात. रेल्वेची तिकिटे लवकर काढल्यास बरीच स्वस्त पडतात, पण स्वस्त तिकीट ठरावीक गाडीपुरतेच चालते. विमानाला उशीर होण्याची शक्यता गृहीत धरून मधे पुरेसा वेळ ठेवावा. १९१५ मध्ये पूर्ण झालेले लाइपझिगचे मुख्य स्थानक क्षेत्रफळाच्या दृष्टीने युरोपातील सर्वांत मोठ्या स्थानकांपैकी आहे, आणि त्याच्या पोटात तीन मजली बाजार आहे. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. स्थानकातली काही खाद्यपदार्थांची दुकाने त्याला अपवाद आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी रविवारी सकाळी दुधा-पावाची पंचाईत होत नाही.

फलाटावर किंवा ट्राममध्ये तिकीट तपासण्याचे फाटक नसते. याचा अर्थ तिकीट तपासले जात नाही असा मुळीच नव्हे; साध्या कपड्यांतले तपासनीस अचानक चढतात आणि विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड भरावा लागतो. कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागत असेल, तर तो चढल्याबरोबर उमटवावा.

राहण्याची जागा शक्यतो स्थानकाजवळ किंवा जुन्या शहराला वेढणाऱ्या रिंग रस्त्याच्या आत घ्यावी. या रस्त्याच्या आतला सगळा भाग पायी हिंडण्याजोगा आहे. स्थानकापासून थॉमस चर्चपर्यंत रमतगमत गेले तरी पंधरा मिनिटांत पोहोचता येते.

शुक्रवार : थॉमस चर्च आणि भोवताल

सकाळी थेट चर्चमध्ये न जाता बाजारचौकातील जुन्या नगरभवनातून सुरुवात करावी. १५५६-५७ मध्ये बांधलेल्या या इमारतीत आता शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. येथल्याच परिषदगृहात ५ मे १७२३ रोजी बाख यांनी नोकरीच्या करारावर सही केली. नगरपरिषदेला ते पहिल्या पसंतीचे उमेदवार वाटले नव्हते. आधी टेलेमान आणि नंतर ग्राउपनर या संगीतकारांशी बोलणी झाली आणि ते दोघे मिळत नाहीत म्हटल्यावर बाख यांच्याकडे वळावे लागले. येथे टांगलेले हाऊसमान यांनी १७४६ मध्ये काढलेले बाख यांचे चित्र घाईने पाहून पुढे जाऊ नये. चित्रातील बाख यांच्या उजव्या हातात स्वरलिपीचा एक लहानसा कागद आहे. त्यावर तीनच ओळी लिहिलेल्या दिसतात, पण रचना सहा आवाजांची आहे. उरलेले तीन आवाज जाणकाराने त्या तीन ओळींतूनच काढायचे, असे ते कोडे आहे. याच चित्रकाराने १७४८ मध्ये केलेली दुसरी प्रत २०१५ पासून बाख संग्रहालयात आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यास रंगांतला फरक चांगला कळतो.

तेथून पाच मिनिटांवर थॉमस चर्च. पाट्यांवर ते ‘थोमासकिर्शे’ म्हणून आढळेल. बाहेर १९०८ मध्ये बसवलेला बाख यांचा पुतळा आहे. त्यांच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला शिल्पकाराने दाखवला आहे, आणि पदरी मोठे कुटुंब असलेल्या या माणसाचा खिसा कायम रिकामाच असे, असे मार्गदर्शक हसत सांगतात. चर्चच्या पश्चिमेला मेंडेलसन यांचा पुतळा आहे. मूळ पुतळा १८९२ मध्ये गेवांडहाउससमोर उभारला होता. मेंडेलसन ज्यू कुळातील म्हणून नाझी राजवटीत १९३६ मध्ये तो हटवण्यात आला, आणि आजची प्रतिकृती २००८ मध्ये उभी राहिली. विस्मरणात गेलेल्या बाख यांच्या रचना पुन्हा लोकांसमोर आणण्यात मेंडेलसन यांचा वाटा मोठा होता, आणि या शहरातील बाख यांचे पहिले स्मारकही त्यांच्याच पुढाकाराने १८४३ मध्ये झाले. ते अधिक जुने, छोटे स्मारक जवळच्या हिरवळीवर अजून आहे. पुष्कळजण मोठ्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढून परततात आणि ते पाहायचे राहते.

चर्चमध्ये वेदीच्या जागी जमिनीत एक साधी कांस्य फरशी बसवलेली आहे आणि तिच्यावर फक्त नाव कोरलेले आहे. बाख यांचे अवशेष मात्र येथे मूळचे नाहीत. त्यांना शहराच्या तटाबाहेरील योहानिस चर्चच्या दफनभूमीत पुरले होते, कबरीवर खूणही नव्हती. १८९४ मध्ये खोदकामात सापडलेल्या अस्थी शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी तपासून त्या बाख यांच्याच असाव्यात असा निष्कर्ष काढला. पुढे ते चर्च युद्धात उद्ध्वस्त झाले आणि १९४९ मध्ये अस्थी येथे आणण्यात आल्या. वर पाहिल्यास दोन ऑर्गन दिसतील. पश्चिमेकडचा १८८९चा असून त्याचा नाद भरदार, बाख यांच्या काळानंतरच्या संगीताला साजेसा आहे. उत्तरेच्या सज्जातला २००० मध्ये मुद्दाम बाख यांच्या रचनांसाठी बसवला आहे. कोणता ऑर्गन वाजतो आहे, हे ओळखण्याचा प्रयत्न संध्याकाळी जरूर करावा.

समोरच्या बोसे घराण्याच्या वाड्यात बाख संग्रहालय आहे. बोसे हे बाख कुटुंबाचे शेजारी आणि स्नेही. बाख या घरात राहत नव्हते, येत-जात असत. सोमवारी ते बंद असते. नवख्याला येथल्या कागदपत्रांपेक्षा अधिक उपयोगी पडेल ती कळ दाबून एकेक वाद्य सुटे ऐकवणारी बरोक, म्हणजे बाख यांच्या काळातल्या वाद्यवृंदाची मांडणी. ओबो, व्हिओला द गांबा यांचे आवाज येथे वेगवेगळे कानात बसवून घेतले, तर त्याच आठवड्याच्या शेवटी चर्चमध्ये ऐकताना कोण काय वाजवते आहे, हे बऱ्याच अंशी उमगते. मूळ हस्तलिखिते स्वतंत्र, मंद उजेडाच्या दालनात ठेवलेली असून ती आलटूनपालटून मांडली जातात.

सव्वापाचपर्यंत चर्चच्या दाराशी परतावे. जागांना क्रमांक नसतात आणि रांग लवकर लागते. बसल्यावर ध्यानात येते की वृंद समोर वेदीपाशी उभा नसून पश्चिमेच्या सज्जात, म्हणजे बहुतेक श्रोत्यांच्या पाठीमागे उभा राहतो. गाणारे दिसावेत अशी इच्छा असेल, तर बाजूच्या सज्जात जागा मिळते का पाहावे. पण डोळ्यांसमोर काही नसताना मागून आणि वरून येणारे ते स्वर ऐकण्यात काही गमावल्यासारखे वाटत नाही. मोटेटे ही मैफल नसून उपासना आहे. मधे बायबलमधील वाचन आणि प्रार्थना होते, एक स्तोत्र सर्वांनी उभे राहून म्हणायचे असते, आणि टाळ्या वाजवण्याची प्रथा नाही. दर सुंदर जागेला ‘वाहवा’ निघून जाणाऱ्या आपल्या कानसेनांना हा तास-सव्वा तास जरा अवघड जातो. छायाचित्रण व ध्वनिमुद्रण करू नये. कार्यक्रमपत्रिकेत गीतांचे शब्द छापलेले असतात. जर्मन येत नसले तरी ओळींवर बोट ठेवून ऐकल्यास वेगवेगळे आवाज तोच शब्द एकामागून एक कसा उचलतात, हे दिसते.

शनिवार : निकोलस चर्च, जुनी शाळा आणि बाख यांचे कँटाटा

बाख यांच्या कारकिर्दीत थॉमस आणि निकोलस ही शहरातील दोन प्रमुख चर्चे होती आणि दोहोंच्या संगीताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ७ एप्रिल १७२४ रोजी त्यांचे ‘योहान पॅशन’ प्रथम सादर झाले ते निकोलस चर्चमध्ये. बाहेरून ही इमारत साधी दिसते. आत शिरताच अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेले पांढरे, फिकट गुलाबी आणि पोपटी काम समोर येते, आणि खांबांच्या माथ्यावरून ताडाच्या झावळ्या फुटल्यासारख्या दिसतात. १९८९ मध्ये पूर्व जर्मन राजवटीविरुद्ध दर सोमवारी निघालेले शांततापूर्ण मोर्चे येथल्या प्रार्थनासभांतून सुरू झाले. ९ ऑक्टोबरला सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले असताना हिंसा टाळण्याचे आवाहन करणाऱ्यांत गेवांडहाउसचे संचालक कुर्ट माझूर होते. चर्चबाहेरच्या चौकात तसाच ताडाच्या झावळ्यांचा एक खांब त्या घटनेच्या स्मरणार्थ उभा आहे.

याच चौकात जुनी निकोलस शाळा आहे. तत्त्वज्ञ लाइबनिट्स आणि वाग्नर येथे शिकले, आणि मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे आणखी एक नाव म्हणजे माक्स म्युलर. पुण्या-मुंबईत ज्यांच्या नावाच्या भवनात आपली मुले जर्मन शिकतात, ते ऋग्वेदाचे संपादक याच शाळेत शिकले आणि पुढे लाइपझिग विद्यापीठात हेर्मान ब्रॉकहाउस यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले. त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते आणि त्यांच्या कवितांवर शूबर्ट यांनी दोन गीतमाला रचल्या. शाळेच्या तळघरात तरुण वाग्नर यांच्यावरचे छोटे प्रदर्शन आहे; वाग्नर यांच्या संगीतात विशेष रस नसल्यास ते वगळले तरी चालेल.

दुपारी तीनच्या मोटेटेला पुन्हा थॉमस चर्च गाठावे. शुक्रवारी वृंद बहुधा वाद्यांविना गातो, शनिवारी मात्र गेवांडहाउसमधील वादकांच्या साथीने बाख यांचे एखादे कँटाटा, म्हणजे गायन आणि वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची धार्मिक रचना सादर होते. दोन्ही ऐकणे शक्य नसेल, तर नवख्याने शनिवार निवडावा.

खाण्याविषयी थोडे. ‘लाइपझिगर आलरलाय’ ही भाज्यांची डिश शाकाहारी समजून मागवली जाते, पण पारंपरिक पद्धतीत तिच्यात गोड्या पाण्यातील चिंगट घालतात, आधी विचारावे. ‘क्वार्ककॉयल्शेन’ या बटाटा आणि चक्क्यासारख्या क्वार्कच्या गोडसर टिक्क्यांत मांस नसते, पण अंडे असते. ‘लाइपझिगर लेर्शे’ हा बदामाचे सारण भरलेला छोटा केक आहे. चंडोल पक्षी मारून खाण्यावर १८७६ मध्ये बंदी आली, तेव्हा बेकरीवाल्यांनी त्याच नावाने हा पदार्थ काढला. रोजच्या जेवणासाठी शहराच्या दक्षिणेकडील कार्ल लीबक्नेष्ट रस्त्यावर विद्यार्थ्यांची वर्दळ असते आणि फलाफलपासून शाकाहारी उपाहारगृहांपर्यंत स्वस्त पर्याय मिळतात.

रविवार : पूर्वेकडची घरे

ऑगस्टस चौकापासून निघावे. एका बाजूस १९६० ची ऑपेरा इमारत आणि समोर १९८१ मध्ये उघडलेले तिसरे गेवांडहाउस. १७४३ मध्ये व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून सुरू केलेला हा वाद्यवृंद पुढे कापड व्यापाऱ्यांच्या गोदामाच्या इमारतीत वाजवू लागला, म्हणून हे नाव पडले. राजदरबाराऐवजी नागरिकांनी पोसलेला वाद्यवृंद ही त्या काळी नवी गोष्ट होती. गुरुवारची मैफल येथे ऐकताना कोट आणि मोठी पिशवी ठेवखोलीत द्यावी लागते. पोशाखाची सक्ती नाही, नीटनेटके कपडे पुरेत. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात. शंका आल्यास शेजारी वाजवेपर्यंत थांबावे.

तेथून दहा मिनिटांवर गोल्डश्मिट रस्त्यावर मेंडेलसन यांचे घर आहे. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते येथेच वारले. या शहरात खऱ्या अर्थाने घर पाहायचे असेल, तर ते हेच. लाकडी जिना, अभ्यासिका आणि त्यांनी स्वतः काढलेली स्वित्झर्लंडमधील जलरंगचित्रे सावकाश पाहावीत. तळमजल्यावरील एका दालनात हातात छडी घेऊन ध्वनिक्षेपकांच्या वाद्यवृंदाचे संचालन करता येते. लय वाढवली की वाद्ये धावतात. लहान मुले बरोबर असल्यास येथून ती लवकर हलत नाहीत. रविवारी अकरा वाजता वरच्या दिवाणखान्यात छोटी मैफल होते. तिचे तिकीट आधी काढावे.

पुढे योहानिस चौकातील ग्रासी संकुलात विद्यापीठाचे वाद्यसंग्रहालय आहे. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी बनवलेले फक्त तीन पियानो जगात उरले आहेत, त्यांपैकी १७२६ चा येथे आहे. शेवटी इन्झेल रस्त्यावरील क्रमांक १८ चे शूमान यांचे घर. १२ सप्टेंबर १८४० रोजी, वधूपित्याशी कोर्टकचेरी करून विवाह झाल्यावर रॉबर्ट आणि क्लारा यांनी येथे पहिला संसार थाटला आणि १८४४ पर्यंत ते येथे राहिले. या इमारतीत प्राथमिक शाळाही आहे. उघडण्याचे वार आणि वेळा मर्यादित असल्याने त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

या सगळ्या जागा जोडणारी सुमारे पाच किलोमीटरची ‘नोटेनश्पूर’ ही पायवाट २०१२ पासून आखलेली आहे. तिच्यावर जमिनीत बसवलेल्या वळणदार पोलादी पट्ट्या दिसतात, त्या धरून चालल्यास नकाशा फारसा उघडावा लागत नाही.

एखादा दिवस हाताशी उरल्यास संगीतकार हॅंडेल यांचे जन्मगाव हाले उपनगरी रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर आहे. तो दिवस सोमवार असेल, तर मात्र तेथे जाऊ नये, कारण संग्रहालये बहुधा बंद असतात; त्याऐवजी लाइपझिगच्या संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे कार्यक्रम पाहावेत, त्यांपैकी पुष्कळांना प्रवेशमूल्य नसते, आणि संध्याकाळी पाच वाजता निकोलस चर्चमधील सोमवारची शांतताप्रार्थना सर्वांना खुली असते.